प्रायश्चित्त आणि तारण : बेळगाव भागात आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. पण अवघड प्रश्न बहुतेक बाहेरूनच येतात. शेजारीण विचारते, लेकीच्या मैत्रिणी विचारतात, खानापूरच्या बसमध्ये शेजारी बसलेली बाई विचारते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पांढरी साडी नेसून उपासनेला निघाले की कोणीतरी थांबवतंच : "तुमच्या देवाला मारलं तो दिवस, आणि त्याला उत्तम कसं काय म्हणता?" रस्त्यात उभं राहून दोन मिनिटांत याचं उत्तर होत नाही, म्हणून सवडीनं इथे लिहिते आहे. मी मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांपैकी एका मंडळीतली आहे. कॅथलिक बंधुभगिनींचं म्हणणं जिथे वेगळं पडतं, तिथे तसं सांगेन.

प्रायश्चित्त हा शब्द तर आपल्याकडे पहिल्यापासून आहे. ख्रिस्ती लोक त्यात वेगळं काय सांगतात?

मराठीत आपण प्रायश्चित्त घेतो, करतो नाहीतर भोगतो. काहीही म्हटलं तरी करणारा तोच, ज्याच्या हातून चूक झाली तो माणूस. उपास धरायचा, दान द्यायचं, सांगितलेला विधी करायचा, जुन्या काळी जातपंचायतीपुढे दंड भरायचा. जितकं पाप मोठं तितकं प्रायश्चित्त कडक.

बायबल मराठीत आणणाऱ्यांनी हाच शब्द घेतला आणि त्याचा कर्ता बदलला. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल म्हणतो की देवानंच येशूला प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवलं. गुन्हा माणसाचा आणि प्रायश्चित्त देवाचं. मराठी कानाला हे उलटं लागतं. लागायलाच हवं, कारण शुभवर्तमानातली बातमी हीच आहे. मूळ ग्रीकमध्ये पौलानं तिथे जो शब्द वापरलाय, तोच यहुद्यांच्या कराराच्या कोशावरच्या, म्हणजे त्यांच्या सर्वांत पवित्र पेटीवरच्या झाकणालाही वापरला जाई. मराठी बायबलात त्या झाकणाला दयासन म्हटलंय. वर्षातून एकदा मुख्य याजक त्यावर बळीचं रक्त शिंपडायचा. देव आणि माणूस यांची भेट व्हायची ती जागा. ती जागा आता येशू आहे, असं पौलाला म्हणायचंय.

आणि "तारण" म्हणजे? तो तर बँकेतला शब्द.

एकदा संडे स्कूलमध्ये सात वर्षांच्या एका मुलानं मला विचारलं, "बाई, येशू आपलं सोनं ठेवून घेतो काय?" त्याच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सोनेतारण कर्जाची मोठी पाटी होती, आणि तारण हा शब्द त्यानं तेवढ्याच ठिकाणी वाचला होता. आम्ही म्हणतो ते तारण 'तारणे' या क्रियापदातलं. बुडणाऱ्याला पैलतीराला नेणं. "देव तारी त्याला कोण मारी" मधला तारी. पण त्या मुलाचा प्रश्न मी झटकून टाकला नाही. मार्कच्या शुभवर्तमानात येशू स्वतः म्हणतो की मी पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो आहे. खंडणी हा त्या काळी गुलाम किंवा कैदी सोडवण्याच्या व्यवहारातला शब्द. म्हणजे गहाण पडलेलं सोडवणं ही कल्पना बायबलातही आहेच. फक्त गहाण पडलेलो आपण, आणि सोडवणाऱ्यानं स्वतःला दिलं.

मी कधी चोरी केली नाही, कोणाला फसवलं नाही. मग मी पापी कशी?

हा प्रश्न नेहमी चांगल्या माणसांकडून येतो, म्हणून मी त्याला फार जपून उत्तर देते.

आपण पाप म्हणजे एकेक वाईट कृत्य धरतो आणि मोजतो. बायबलात ते आहेच. पण नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द सर्वांत जास्त येतो, त्याच्या मुळाशी नेम चुकणं हा अर्थ आहे. बाण सुटला आणि भलतीकडेच गेला. देवावर सगळ्या मनानं आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणं हा नेम. आता कालचा एक दिवस डोळ्यांपुढे आणा. जाऊबाईंचा फोन मुद्दाम उचलला नाही, भांडीवाल्या मावशींना उरलेलं शिळंच दिलं, दुसरीच्या मुलाला नोकरी लागल्याचं ऐकून आत कुठेतरी कळ आली. पोलीस यातल्या कशासाठीच पकडणार नाहीत. पण नेम चुकला की नाही?

आमच्या सीमाभागात राहिल्यामुळे मला या शब्दाचं आणखी एक रूप कळलं. आमच्या बाजूला कानडी बोलणाऱ्या आजी राहायच्या. लहानपणी मी सायकलवरून पडले, गुडघा फुटला. त्या धावत आल्या आणि पदरानं रक्त पुसत म्हणत राहिल्या, "पाप... पाप..." मला वाटलं, मी काहीतरी पाप केलं म्हणून पडले असं सांगतायत. मी आणखीच रडायला लागले. कानडीत 'पाप' हा शब्द 'बिचारी ग' या अर्थानंही म्हणतात, हे आईनं संध्याकाळी सांगितलं. देव पापी माणसाकडे कसा बघतो हे मुलांना सांगताना मी अजून त्या आजींचीच गोष्ट सांगते. त्यांच्या तोंडून एकाच शब्दात माझं पडणंही आलं आणि त्यांचा कळवळाही.

देव सर्वशक्तिमान आहे. मग "जा, माफ केलं" एवढं म्हणून सोडायचं होतं. क्रूस कशाला?

माझ्या वडिलांचं शहापुरात किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक मागावर काम करणारे विणकर. आठवडाभर उधारी आणि पगार झाला की चुकती. लाल कापडी पुठ्ठ्याची वही, प्रत्येकाचं वेगळं पान. एका विणकराला क्षय झाला आणि सहा महिने त्याच्या घरी पैसा आला नाही. पान भरलं, दुसरं लागलं. एके दिवशी त्याची बायको दुकानात येऊन कानातल्या कुड्या काढून ठेवायला लागली. वडिलांनी त्या परत तिच्या मुठीत दिल्या, वही उघडली आणि दोन्ही पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली. रेघ मारताना टाक अडकला आणि कागद थोडा फाटला, हे मला अजून दिसतं.

ती गेल्यावर आई म्हणाली, "रेघ मारलीत, बरं केलंत. पण रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याला तांदळाचे पैसे कोण देणार?" वडील म्हणाले, "आपणच की." त्या नाताळला आम्हा भावंडांना नवे कपडे झाले नाहीत.

माफ केलं म्हणजे कर्ज हवेत विरून गेलं नाही. ते वहीच्या एका बाजूचं दुसऱ्या बाजूला आलं. ज्यानं माफ केलं त्याच्या अंगावर आलं. छोट्याशा माफीचंही असंच असतं. कोणी तुमची बदनामी केली आणि तुम्ही उलट बोलला नाहीत, तर तो घाव तुम्ही गिळलेला असतो. देवानं जगाचं पाप माफ केलं तेव्हा ते कोणाच्या अंगावर आलं, ते क्रुसाकडे बघून कळतं. पौलाच्या एका अगदी छोट्या पत्रात, फिलेमोनाला लिहिलेल्या, हाच हिशेब आहे. पळून गेलेल्या गुलामाला परत पाठवताना पौल त्याच्या धन्याला लिहितो : याच्याकडे तुमचं काही येणं असलं तर ते माझ्या खात्यावर मांडा.

पण निरपराध माणसाला दुसऱ्याची शिक्षा देणं हा अन्यायच नाही का?

हो. कोर्टात न्यायाधीशानं खुनी सोडला आणि रस्त्यावरचा कोणी धरून फाशी दिला, तर तो न्याय नव्हेच. काही प्रवचनांतून क्रूस असाच सांगितला जातो : रागावलेला बाप आणि मार खाणारा मुलगा. मला ते चित्र कधीच पटलं नाही, आणि बायबलही तसं सांगत नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात शब्द आहेत की देव ख्रिस्तामध्ये स्वतःशी जगाचा समेट करत होता. क्रुसावर तिसराच कोणी पकडून आणलेला नव्हता. न्यायाधीश स्वतः खाली उतरून आरोपीच्या जागी उभा राहिला. माझे वडील शेजारच्या दुकानदाराच्या वहीत रेघ मारून मोठे झाले असते, तर ती लबाडी झाली असती. त्यांनी स्वतःच्या वहीत मारली.

येशूच्या मरणानं तारण झालं, हे सगळे ख्रिस्ती मानतात. ते नेमकं कसं झालं, याची उत्तरं मात्र दोन हजार वर्षांत अनेक झाली. ३२५ मध्ये निकिया इथे भरलेल्या धर्मसभेच्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीत, आम्हा मानवांसाठी व आमच्या तारणासाठी तो खाली उतरला, एवढंच आहे. कसं, ते सांगितलेलं नाही. पहिल्या शतकांतले आचार्य खंडणी आणि विजय या भाषेत बोलत : सैतान आणि मरण यांच्या तुरुंगात येशू शिरला आणि आतून दार तोडून बाहेर आला. पुढे अन्सेल्म नावाच्या कँटरबरीच्या आर्चबिशपनं १०९८ च्या सुमारास मांडलं की पापानं देवाच्या मानाला बाधा आली. ती भरपाई माणसानं करायला हवी, पण देवावाचून कोणाला ती झेपणार नाही, म्हणून देव माणूस झाला. सरदार आणि मानमरातब यांचा तो काळ, त्याची छाप त्यावर दिसते. थोड्याच वर्षांनी अबेलार्ड या फ्रेंच पंडितानं क्रुसावरच्या प्रेमाकडे बोट दाखवलं. ते प्रेम बघून माणसाचं मन विरघळतं आणि तो परत फिरतो. सोळाव्या शतकात कॅल्विन हा प्रोटेस्टंट सुधारक आला. तो कायदा शिकलेला, त्यामुळे त्याच्याकडे शिक्षा आणि बदली हे शब्द ठळक झाले. १९३० च्या सुमारास स्वीडनच्या आउलेन या पंडितानं पुन्हा जुन्या विजयाच्या विचाराकडे लक्ष वेधलं.

यांपैकी एकच खरं आणि बाकीचं खोटं, असं मी मुलांना शिकवत नाही. माझं मन वडिलांच्या वहीजवळ थांबतं. दारूतून सुटलेले आमच्या मंडळीतले एक काका विजयाबद्दल बोलतात, आणि त्यांच्या तोंडून ते फार खरं वाटतं.

जत्रेत बकरं देतात, तसाच हा बळी म्हणायचा का?

सौंदत्तीपासून गावोगावच्या जत्रांपर्यंत आपल्या भागात नवस आणि बळी कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न सरळ येतो. संबंध नक्की आहे, पण तो यहुद्यांच्या प्रायश्चित्त-दिनाशी. बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात सगळा विधी आहे. दोन बकरे आणायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. एक देवाला अर्पण करायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजकानं दोन्ही हात ठेवायचे, लोकांचे सगळे अपराध बोलून त्याच्यावर घालायचे आणि तो जिवंत बकरा माणसाबरोबर रानात सोडून यायचा. डोळ्यांनी दिसावं म्हणून : तुमचं पाप ते बघा, चाललं दूर.

हे दर वर्षी करावं लागे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सगळा भर इथेच आहे की येशूनं एकदाच, कायमचं केलं. म्हणून आमच्या देवळात वेदीवर रक्त नसतं, भाकर आणि प्याला असतो. माणूस देवाला काही चढवतो तेव्हा निदान थोडी तरी आशा असते की देव राजी होईल. क्रुसाच्या बाबतीत राजी करायला कोणी उरलेलंच नाही, कारण देणाराच देव आहे.

नुसता विश्वास ठेवला की झालं? मग वाटेल तसं वागायला मोकळे!

पौलालाही हेच विचारलं होतं. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय? त्याचं उत्तर : कधीच नाही.

जक्कयाची गोष्ट वाचा, लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात. जकातवसुलीवाला, लोकांना नागवून श्रीमंत झालेला, आणि बुटका, म्हणून झाडावर चढून बसलेला. येशू त्याला म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. ना उपदेश, ना अट. येशू घरी येतो हे कळल्यावर जक्कय उभा राहून सांगतो : अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. हा क्रम बघण्यासारखा आहे. चौपट परत केलं म्हणून येशू आला असं झालं नाही. येशू आला म्हणून पैशाची गाठ सुटली. आणि खरंच सुटली, कारण बायबलातल्या आपल्या पत्रात याकोब म्हणतो तसं, कृतीवाचून विश्वास निर्जीव.

कॅथलिक आणि तुम्ही यात एकमत आहे का?

पूर्वी यावरून युरोपात रक्त सांडलं. १९९९ मध्ये ऑग्सबर्गला कॅथलिक आणि ल्युथरन मंडळ्यांनी नीतिमत्त्वाविषयी एकत्र निवेदनावर सही केली, आणि २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदही त्यात आली. माणूस स्वतःच्या पुण्याईनं नव्हे, कृपेनंच देवाला मान्य होतो, हे आता आम्ही एका आवाजात म्हणू शकतो. फरक राहिला तो रीतीत. कॅथलिक माणूस फादरांपुढे पाप कबूल करतो, फादर क्षमेचे शब्द उच्चारतात आणि प्रायश्चित्त म्हणून काही प्रार्थना किंवा कृती सांगतात. आम्ही उपासनेत एकत्र पापांगीकार म्हणतो. मोठ्यानं, दुसऱ्याच्या कानावर पडेल असं कबूल करण्यात एक मोकळेपणा आहे, हे खानापूरकडच्या माझ्या मैत्रिणींकडून मी शिकले.

मोक्ष आणि तारण एकच ना?

जवळचे, पण एक नव्हेत. मोक्षात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका आहे. तारणात देवाशी तुटलेलं नातं जुळणं आहे, आणि ते इथेच सुरू होतं. शेवटी शरीरासकट पुनरुत्थानाची आशा आहे. पण संतांची करुणा भाकणारी वाणी ऐकलेल्या मराठी माणसाला ख्रिस्ताची कृपा परकी वाटत नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत राहिले.

पंडिता रमाबाईंची वाट वेगळी. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी समाजानं टाकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी कशा सांभाळतात हे त्यांनी बघितलं, विचारलं की असं का करता, आणि उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई वाचून दाखवली गेली. विहिरीवर एकटीच आलेली, पाच नवरे झालेली ती बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. तरी रमाबाईंनी पुढे लिहिलं की ख्रिस्ती धर्म मला आधी मिळाला, ख्रिस्त काही वर्षांनी मिळाला. विश्वास घरातून वारशानं मिळालेल्या आम्हा लोकांनी हे वाक्य वारंवार वाचावं.

ही शिकवण आपल्या भागात गोऱ्यांनी आणली ना?

लंडन मिशनचे लोक बेळगावात १८२० मध्ये आले, हे खरं. पण गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सनी हजारो ओव्यांत ख्रिस्ताची कथा मराठीत रचली, ती १६१६ मध्ये छापली गेली, आणि गोव्याकडून आलेली कॅथलिक घरं खानापूर तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आणि बाबा पदमनजी तर इथलेच, १८३१ मध्ये बेळगावात जन्मलेले. मिशनच्या शाळेत शिकले, १८५४ मध्ये बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. तीन वर्षांनी त्यांनी विधवांच्या हालांवर 'यमुनापर्यटन' लिहिलं, ज्याला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. पापक्षमेचा शोध घेणारा मराठी माणूस बायकांच्या दुःखावर लिहू लागला, याचा मला आमच्या गावासाठी अभिमान वाटतो.

जन्मभर वाईट वागून शेवटच्या घटकेला पश्चात्ताप केला तर?

येशूच्या शेजारच्या क्रुसावरच्या चोराला सुखलोकाचं वचन मिळालं. त्याच्याकडे चांगलं वागायला वेळच उरला नव्हता. उद्यावर टाकणाऱ्यानं मात्र हे लक्षात घ्यावं की आपली शेवटची घटका कोणती, ते कोणालाच आधी कळत नाही.

पेरावं तसं उगवतं, हे मग खोटं का?

बायबलातही ते वाक्य आहे, गलतीकरांस पत्रात. क्षमा झाली तरी दारूनं गेलेलं लिव्हर परत येत नाही आणि मोडलेला विश्वास एका दिवसात जुळत नाही. पण पिकाचा हिशेब देवाशी असलेलं नातं ठरवत नाही.

सगळं पटतं. पण मला क्षमा झाली असं आतून वाटतच नाही. काय करू?

मलाही आठ वर्षं वाटलं नव्हतं.

सासूबाई गेल्यावर त्यांच्या पाटल्या सापडेनात. मी चारचौघांत म्हणाले, नणंदेनंच नेल्या असतील. ती उठून गेली ती आलीच नाही. दोन वर्षांनी माळ्यावरची ट्रंक रिकामी करताना जुन्या लुगड्याच्या घडीत पाटल्या निघाल्या. मी देवाजवळ रडले, एक्कावन्नावं स्तोत्र रोज म्हटलं, प्रभुभोजन घेतलं. छातीवरचा दगड हलला नाही. देवानं माफ केलं नव्हतं असं नाही, पण मी त्याच्या माफीच्या आड लपले होते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो : वेदीजवळ दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे मी दर वर्षी मुलांना शिकवत होते.

शेवटी उत्तम शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी पाटल्या रुमालात बांधून खानापूरला गेले. तिनं दार उघडलं. मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि नुसता रुमाल पुढे केला. तिनं तो बघितला, घेतला नाही.

"आत ये की वहिनी," ती म्हणाली. "उन्हात काय उभी राहिलीस?"

माफ केलं असं ती त्या दिवशी तोंडानं बोलली नाही, आणि मीही ते ऐकायला थांबले नाही. त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी तिच्या मुलाच्या हातून करंज्यांचा डबा आला.